खुंटीवरचा हंस

त्यांच्या हाताला खोबरेलाचा वास यायचा, आणि त्यावरून आम्ही बायका त्यांना फार छळायचो.

इंजिन चालवणारा माणूस. अंगाला धुराचा, काळ्या तेलाचा वास असणारच, तो होताच. पण सकाळी मिलच्या दारातून आत आले की आधी खोबरेल यायचं, त्याच्यामागे मोगरा, आणि मग ते. वय पन्नाशीचं. लग्न नाही, मूल नाही. माझ्याबरोबर हलरवर, म्हणजे साळ सडायच्या यंत्रावर, तंगम् होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती नाक वर करून हुंगायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, "अय्या, आज कुणाच्या केसात हात घातला होता?"

"इंजिनच्या," ते म्हणायचे. "तिच्याही केसांत गुंता होतो."

तमिळ बायका त्यांना डिरैवर अय्या म्हणायच्या, डिरैवर म्हणजे इंजिनचा ड्रायव्हर. मी मामा म्हणायचे. ते आमच्यातलेच, मराठी बोलणारे. कुंभकोणमला आमची घरं किती पिढ्यांची ते आम्हालाच ठाऊक नाही. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. मिलमध्येही ते माझ्याशी तमिळच बोलायचे. मराठीत बोलले की समजायचं, गोष्ट साधी नाही.

परवा माझी नात बंगळूरहून आली होती. संगणकाच्या पोटातलं काम करते. जेवताना घास हातातच राहिला तिचा. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "आजी, एक चूक सापडत नाही. हजार वेळा नीट चालतं, एकदा अडकतं. मी बघायला बसले की काही होत नाही."

"कोण कुणाला अडकवतं?" मी विचारलं.

ती हसली. मग सांगितलं तिने. यंत्र आपल्या चालीने चालत असतं, आणि त्याला चालवणारा जो प्रोग्रॅम, तो आपल्या चालीने. दोघांची वस्तू एकच. तो बघतो की जागा रिकामी आहे, आणि हात घालतो. पण बघणं आणि हात घालणं यांच्या मध्ये यंत्राने तिथं काहीतरी ठेवलेलं असतं.

मी म्हटलं, "आठ पावलं."

"काय आठ पावलं?"

मग मी तिला मामांची गोष्ट सांगायला बसले. तिचा घास तसाच राहिला.

मी तिसरीपर्यंत शिकले. सोळाव्या वर्षी लग्न, बाविसाव्या वर्षी नवरा गेला. शिवणकाम करायचा. तीन दिवसांचा ताप, बस. मागे म्हातारी सासू आणि अंगावर पिणारी पोर. ती पोर म्हणजे हिची आई. शिलाईचं यंत्र भाड्याचं होतं, ते घेऊन गेले. मग तिरुनागेश्वरम्‌च्या रस्त्यावर साळीची मिल होती, तिथं गेले. पहाटे साळ उकडायची, गरमगरम टोपल्यांनी खळ्यावर टाकायची, पायांनी फिरवत वाळवायची, आणि दुपारपासून हलरला घालायची. पहिला महिना तळपायाची कातडी निघत होती. मग निघायची थांबली. दु:ख म्हणून नाही सांगत, होतं ते सांगते. माझ्याकडे दोन हात होते आणि त्या दोन हातांवर तीन पोटं होती. एवढाच माझा हिशोब.

मिल कशी होती ते सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. भिंतीच्या पलीकडे इंजिन. त्याची लांब दांडी भिंतीतून आमच्या बाजूला यायची आणि डोक्यावर फिरत राहायची. दांडीवर दोन चाकं शेजारी-शेजारी. एक मोकळं, एक घट्ट. दांडीवरून खाली येणारा चामड्याचा पट्टा मोकळ्या चाकावर असला की हलर गप्प. भिंतीतल्या दाराशी लाकडी दांडका होता, त्याने पट्टा घट्ट चाकावर सरकवला की हलर फिरायचा, आणि त्याच्याबरोबर खड्ड्यातून साळ वर उचलणारी डब्यांची माळही फिरायची. इंजिन दिवसभर चालूच. बंद केलं की पुन्हा त्याचं डोकं तापवून चालू करायला तास जायचा. म्हणून बंद कधी करायचं नाही, फक्त पट्टा इकडून तिकडे.

आता हलरच्या खालच्या चाळणीत कोंडा दाटायचा. खड्ड्यात काड्या, खडे अडकायचे. दिवसातून दहादा हात घालून काढावं लागायचं. हात घालायचा तिथं, आणि दांडका भिंतीपाशी. दांडक्यापाशी उभं राहिलं तर हलर दिसत नाही. हलरपासून दांडक्यापर्यंत आठ पावलं. मामांनी मोजलेली.

दुसऱ्या मिलमध्ये काय करायचे? ओरडायचे. "हात काढला?" "काढला!" की ढकल. आमच्याकडे मालकाने एकदा देवळातली घंटा आणली होती मोठी हौसेने. बाईने काम झालं की घंटा वाजवायची, डिरैवरने ऐकायची. मामांनी दुसऱ्याच दिवशी ती काढून मालकाच्या टेबलावर ठेवली.

"का रे, देवळातली आहे म्हणून भीती वाटते?" मालक म्हणाला.

"घंटा वाजते तेव्हा माझा कान दुसरीकडे असला तर?" मामा म्हणाले. "वाजली आणि गेली. आवाज राहत नाही. वस्तू राहते."

त्यांची वस्तू म्हणजे हंस. आमच्याकडे समईच्या डोक्यावर हंस असतो, तसला पितळी, मुठीत मावेल एवढा. कुठल्याशा जुन्या समईवरून निघालेला, मानेपाशी तडा गेलेला. दांडक्याजवळ खुंटी होती, तिच्यावर त्याची जागा. जिला हात घालायचा तिने खुंटीवरून हंस काढून घ्यायचा, कमरेला खोचायचा, मग हात घालायचा. हंस गेला की मामा दांडक्याच्या खाचेत पाचर ठोकायचे. कारण त्यांचं म्हणणं, पट्टा बसल्या जागी सरकतो. कुणी हात लावला नाही तरी. आणि ते खरं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय, मोकळ्या चाकावरचा पट्टा गोगलगायीसारखा घट्ट चाकाकडे चाललेला.

"मशीन झोपलंय असं म्हणू नका," ते म्हणायचे. "मशीन झोपत नाही. डोळे मिटून पडतं."

काम झालं की हंस खुंटीवर. मग मामा यायचे, हंसाला पान्याने एक टिचकी मारायचे, खट. तडा होता ना, म्हणून खट. मग पाचर काढायची, मग पट्टा सरकवायचा. हा खट आम्हाला इतका सवयीचा झाला होता की आम्ही ऐकतही नव्हतो. तंगम् म्हणायची, अय्या हंसाला विचारतात, बाळा, जाऊ का?

बाहेरही तसेच. चहाकॉफीच्या दुकानात पोऱ्याने उंचावरून कॉफी ओतायला घेतली की ओरडायचे, "आधी भांडं, मग धार!" पोऱ्या म्हणायचा, "अय्या, भांडं हातात आहे की." "हातात आहे. खाली आहे का?" रस्ता ओलांडताना एकदा बघून थांबायचे नाहीत, पाय उचलेपर्यंत मान फिरत असायची. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे करून उभे राहायचे, भटजी दहा माणसं लांब असला तरी. लोक हसायचे. आम्ही पण हसायचो.

आणि संध्याकाळी इंजिन बंद झालं की आम्हा सगळ्यांना खळ्यावर उभं करायचे. दोन्ही हात वर. समोरून चालत जायचे आणि प्रत्येकीपाशी म्हणायचे, "दहा." पुढची, "दहा." शेवटच्या बाईपर्यंत. मग म्हणायचे, "जा घरी." कुणी कंटाळून एकच हात वर केला तर तिथंच थांबून राहायचे. तंगमने एकदा मुद्दाम करंगळी मुडपली. मामांचा चेहरा असा झाला की तिने पुन्हा कधी ती थट्टा केली नाही.

माझं काय झालं ते आता सांगते. यात माझी चूक आहे, ती लपवत नाही.

संक्रांतीनंतर थै महिन्यात सांब्याची, म्हणजे वर्षातल्या मोठ्या पिकाची, साळ आली. गाड्यांवर गाड्या. आमचं काम ढीग संपेपर्यंत, ढीग संपला की घर. आणि घरी पोर. सासूच्या मांडीवर रडून रडून निळी व्हायची, माझा पदर ओला व्हायचा इथं मिलमध्ये. आणि आम्ही काय करत बसायचो? वाट बघत. तंगम् हलरची चाळणी साफ करतेय, हंस तिच्याकडे. मला खड्डा साफ करायचाय, पण हंस नाही. ती आटोपून हंस खुंटीवर लावणार, मग मी घेणार. दोघी एकदम केलं तर अर्ध्या वेळात झालं असतं. पट्टा तर तेव्हाही बंदच होता!

मी मामांना विचारलंही होतं एकदा. "मामा, दुसरा हंस आणला तर?"

ते इंजिन पुसत होते. लगेच उत्तर कधी द्यायचे नाहीत. जरा वेळाने तमिळमध्ये म्हणाले, "विचार करून सांगतो."

ते विचार करत राहिले. एक आठवडा, दोन आठवडे. माझी पोर काही विचार करत नव्हती. मी एका सुट्टीच्या दिवशी बस पकडून नाचियार्कोविलला गेले. तिथं समया ओततात. नवऱ्याचा पानाचा पितळी डबा होता, तो कारागिराला दिला आणि म्हटलं, याच्या बदल्यात समईवरचा एक हंस दे. त्याने दिला. अगदी तसाच, फक्त नवा. मी मातीने, चिंचेने, काजळीने घासून त्याला म्हातारा केला. मला माझ्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं त्या दिवशी!

तंगमला सांगितलं. ठरलं असं की खरा हंस तिच्याकडे, खोटा माझ्या कमरेला लपलेला. ती हलरला, मी खड्ड्याला, एकाच वेळी. खुंटीवर लावायचा तो खराच, आणि तो तिनेच लावायचा, मी तिच्यापाशी जाऊन "झालं" म्हटल्यावर. माझा हंस बाहेर काढायचाच नाही.

तीन आठवडे चाललं. उजेड असताना घरी जायला लागले. पोर अंगाने भरली. सासू म्हणाली, "मालकाला दया आली वाटतं." मी पोरीला पदराखाली घेतलं.

त्या दिवशी ढीग थोडाच उरला होता. मी खड्डा साफ केला, हात झटकले, हलरकडे आले. तंगम् तिथं नव्हती. बसायचा पाट रिकामा. खालचं झाकण उघडं, पण ते ती बरेचदा उघडंच टाकायची. मी वाकून पाहिलं, चाळणी जवळजवळ साफ. म्हटलं, आटोपून पाणी प्यायला गेली, आणि हंस कमरेला तसाच घेऊन गेली. आता तिला शोधत बसू? बाहेर ऊन कलत होतं. माझ्या छातीत दूध दाटलं होतं, ते अजून आठवतं. मी म्हटलं, आज माझाच लावते.

आठ पावलं चालले. हंस खुंटीवर लावला आणि हात धुवायला मागच्या हौदाकडे वळले.

तंगम् पाणी प्यायला गेली नव्हती. चाळणीत एक खडा फसला होता, तो उचकायला काडी आणायला ती खळ्याच्या कोपऱ्यात गेली होती. मी आठ पावलं चालत होते तेव्हा ती दुसऱ्या बाजूने परत आली, बसली, आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मध्ये हलर. तिने मला पाहिलं नाही. मी तिला पाहिलं नाही.

हौदाशी मी वाकले आणि पाठीमागून आवाज आला.

टिंग.

खट नाही. टिंग, लांब, देवळातल्यासारखं गोड.

त्या एका आवाजात मला सगळं कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही. मी उभी राहिले आणि पट्टा सरकल्याचा आवाज येईल म्हणून वाट बघत राहिले. सरकला की चपाट्यासारखा आवाज येतो.

तो आला नाही. आला तो वेगळाच. इंजिनचा धक-धक हळू झाला, धक... धक... आणि थांबला. डोक्यावरची दांडी फिरायची थांबली. त्या मिलमध्ये भर दिवसाउजेडी अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खळ्यावर कावळे बोलत होते ते ऐकू आलं.

"अय्या!" तंगमचा आवाज. "इंजिन का बंद? मेली का तुमची राणी?" आणि तिने हात बाहेर काढला. खांद्यापर्यंत कोंड्याने पांढरा. पाचही बोटं. कमरेला खरा हंस.

मामा भिंतीच्या दारातून आत आले. त्यांच्या हातात माझा हंस. तंगमच्या कमरेकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे आले. तोंड राखेसारखं. आणि मराठीत म्हणाले,

"हा कुठून उडून आला?"

"मी आणला, मामा."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

"आणि आता खुंटीवर तूच लावलास."

"मी पाहिलं होतं, मामा. देवाशप्पथ पाहिलं होतं. तिथं कुणी नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं मारतील. म्हणाले, "हो. तू पाहिलं असशील. पाहिलेलं शिळं होतं ग. आठ पावलांत शिळं होतं."

तेवढ्यात मालक धावत आला. सांब्याचा ढीग, गाडीवान दाराशी, आणि इंजिन बंद. "कुणी बंद केलं? काय मोडलं?"

मिलमध्ये सगळ्या बायका उभ्या. मामा एक शब्द बोलले असते तर मी त्याच पावली रस्त्यावर. पुन्हा कुठल्या मिलने घेतलं नसतं. मी पोरीचा विचार केला, आणि मग विचार करायचं सोडलं. जे होईल ते.

"मी बंद केलं," मामा तमिळमध्ये म्हणाले. हंस त्यांच्या धोतराच्या कनवटीला गेला होता. "मोडलं काही नाही. मला शंका आली."

"शंका आली म्हणून इंजिन बंद? डोकं फिरलंय का? एक तास जाईल आता!"

"जाईल."

"म्हातारा झालास तू. उद्या वारा आला म्हणून बंद करशील."

"वाऱ्याची शंका आली तर करीन," मामा म्हणाले आणि इंजिनचं डोकं तापवायला वळले.

संध्याकाळी हात वर करून उभ्या राहिलो. माझ्यापाशी आले तेव्हा "दहा" म्हणाले, आणि तंगमपाशी जरा जास्त थांबले. मग मला मराठीत म्हणाले, "उद्या मिलला यायच्या आधी माझ्या घरी ये. पोरीला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. अरसलार नदीच्या कडेला एक खोली आणि पुढे ओटा. ओट्यावर एक बाई पाठमोरी बसलेली, केस मोकळे, पांढरे, कमरेपर्यंत. मामा मागे बसून त्यांना तेल लावत होते. शेजारी पानात मोगऱ्याची माळ.

"ये," ते म्हणाले. "ही माझी अक्का."

अक्का वळली. उजवा हात कोपरापाशी संपला होता.

मी कडेवरच्या पोरीला घट्ट धरलं. अक्कालाच दया आली माझी. म्हणाली, "काय बघतेस? बस. याचं वेणी घालून होईपर्यंत दुपार होते. वीस वर्षं घालतोय, अजून वाकडीच."

"तुझं डोकं वाकडं आहे," मामा म्हणाले.

"फुलं आणतो मात्र ताजी," अक्का मला म्हणाली. "नवऱ्याने टाकलं, तो आहे कुठंतरी जिवंत. तो जिवंत आहे तोवर फुलं माझी. ती का टाकू?"

मामा वेणी घालत राहिले. अक्काच बोलली. ते दोघं तेव्हा मायावरमकडच्या एका मिलमध्ये होते, हा इंजिनवर, ती हलरवर. "याने येऊन बघितलं," ती म्हणाली. "मी नव्हते तिथं. खरंच नव्हते. मग हा दांडक्याकडे निघाला. मी आले, मी पण बघितलं. हा आत्ताच बघून गेलाय, म्हणजे पुन्हा विचारून मगच ढकलेल, असं मला वाटलं. बघ, दोघांनी बघितलं. दोघांनी बघितलं ते खरं होतं."

मामांचे हात थांबले होते.

"घाल की," अक्का म्हणाली. "मिलला उशीर होईल." आणि मला, "समई माझ्या लग्नातली. मोडायला काढली तेव्हा हा म्हणाला, हंस मला दे. मी म्हटलं, ने. तडा गेलेला हंस मी काय करू? तो म्हणाला, तडा आहे म्हणूनच. याचा आवाज दुसरा कुणी काढू शकणार नाही."

मग मला रडू आलं. नवरा गेला तेव्हा मी रडले नव्हते, वेळ नव्हता. अक्काने डाव्या हाताने पोरीला माझ्या कडेवरून उचलून मांडीवर घेतलं. एका हाताने, आणि मला कळलंही नाही कशी उचलली.

मिलच्या वाटेवर मामांनी कनवटीचा हंस काढून मला दाखवला. मला वाटलं, आता नदीत टाकतील. ते म्हणाले, "तुझी कल्पना वाईट नव्हती. मी विचार करत होतो ते हेच. हंस दोन झाले तर खुंट्याही दोन हव्यात. तू खुंटी एकच ठेवलीस."

त्याच दिवशी त्यांनी भिंतीत दुसरी खुंटी ठोकली. नव्या हंसाला छिन्नीने मानेपाशी एक घाव घातला, त्याचा आवाज टिंगचा टक झाला. तेव्हापासून दोन्ही हंस आपापल्या जागी बसलेले दिसले की मगच, खट, टक, पाचर काढायची. एक जरी उडालेला असला तरी पट्टा हलायचा नाही. काम खरंच अर्ध्या वेळात व्हायला लागलं. मालक लोकांना सांगायचा, मीच सुचवलं.

माझी नात इथं टाळ्या वाजवून म्हणाली, "आजी, दोन खुंट्या!" आणि ताट तसंच ठेवून फोनकडे पळाली. मी म्हटलं, जेवून जा. ऐकते कुठं.

तिला पुढचं सांगायचं राहिलं, ते सांगते.

मी नंतर अक्काकडे जायला लागले, सुट्टीच्या दिवशी, पोरीला घेऊन. एकदा मिल सुटल्यावर मामांच्या मागोमागच गेले. ते ओट्यावर चढले. अक्काने आपला डावा हात वर केला, पाच बोटं पसरून. मामा शेजारी बसले आणि आपला उजवा हात तिच्या हाताशेजारी वर केला.

"दहा," अक्का म्हणाली.

मग ते पाय धुवायला गेले. मी तिथं उभी आहे हे दोघांनाही आठवत नव्हतं.

आणखी चार वर्षं ते मिलमध्ये होते. त्या चार वर्षांत आमच्या मिलमध्ये एक नख मोडलं नाही. मग छातीत कफ झाला, इंजिनचा धूर सगळा. घरीच वारले, सकाळी, वेणी अर्धी घालून झाली होती. अक्काने सांगितलं तेव्हा तिचे केस अर्धे बांधलेले आणि अर्धे मोकळे होते.

मिलमध्ये नवा डिरैवर आला. तरणा. पहिल्याच दिवशी म्हणाला, ही चिमण्यांची खेळणी कसली? तंगम् त्याच्यासमोर उभी राहिली, तिने दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर धरले आणि म्हणाली, "मोज." त्याला काही समजलं नाही. पण त्याने हंस काढले नाहीत.

बारावं झाल्यावर एका संध्याकाळी मी मिलमधून लवकर निघून अक्काकडे गेले. ओट्यावर एकटी बसली होती. लांबून आमच्या मिलचं इंजिन थांबल्याचं ऐकू आलं, धक... धक... आणि नाही. अक्काचा हात आपोआप वर झाला. पाच बोटं. तसाच राहिला.

मी शेजारी बसले. माझा हात वर केला.

ती बघत होती, माझ्या हाताकडे नाही, नदीकडे. मग म्हणाली, "तेलाची वाटी फळीवर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलमध्ये शिरले तेव्हा तंगमने नाक वर केलं. माझा हात धरला, नाकाशी नेला, आणि काही न बोलता सोडला.